पिकअप नेमका कुठे अडतो?

‘गाडीचा पिकअप गेला, ॲक्सलरेटर दाबला तरी उचलत नाही’ अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजात जातो. तिथे थ्रॉटल बॉडी साफ होते, फिल्टर बदलला जातो, टाकीत क्लीनरची बाटली ओतली जाते आणि गाडी परत मिळते. कधी गुण येतो, कधी येत नाही. आला तरी कशाने आला हे मालकालाही कळत नाही आणि मेकॅनिकलाही. या प्रश्नावरच्या दोन भूमिका इथे समोरासमोर ठेवल्या आहेत. एक भूमिका गाडीमालकाची: व्यवहारी, वेळ आणि पैसा दोन्ही जपणारी. त्याच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीची डिझेल स्विफ्ट आहे असे धरू. १२४८ सीसीचे, ७५ पीएसचे ते इंजिन महाराष्ट्रात अजून भरपूर धावते आहे आणि या तक्रारीची बहुतेक सगळी अंगे त्या एका इंजिनात दाखवता येतात. दुसरी भूमिका माझी. विलंब कोणत्या टप्प्यावर होतो हे मोजून ठरवल्याशिवाय एकही भाग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. मालकाचे आक्षेप मी मुद्दाम सौम्य केलेले नाहीत. त्यांत तथ्य आहे आणि म्हणूनच त्यांना पूर्ण उत्तर द्यायला हवे.

मालक : तत्त्व म्हणून तुमचं म्हणणं मान्य, पण व्यवहार बघा. एअर फिल्टर काही शे रुपयांचा. थ्रॉटल बॉडी साफ करायला तासभरही लागत नाही. तपासणीचे पैसे मोजायचे आणि शेवटी फिल्टरच बदलायचा, तर आधीच का बदलू नये? स्वस्तातलं आधी, महागातलं नंतर, हा साधा हिशोब आहे. शिवाय आमच्या गॅरेजवाल्या काकांचं आयुष्य या इंजिनांत गेलंय. बॉनेट उघडून दोनदा रेस दिली की ते सांगतात काय झालंय. त्यांच्या कानावर विश्वास ठेवायचा की मोबाइलवरच्या आलेखावर?

लेखक : तुमच्या हिशोबातला अर्धा भाग मला मान्य आहे. स्वस्तातले आधी, पण स्वस्तातले ‘पाहणे’ आधी, ‘बदलणे’ नव्हे. फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरणे, टायरमधली हवा तपासणे, इंटरकूलरच्या रबरी पाइपांवर तेलाचा ओला डाग किंवा चीर आहे का ते बघणे, गाडी थोडी चालवून थांबल्यावर एखाद्या चाकाची रिम इतरांपेक्षा जास्त तापली आहे का, म्हणजे ब्रेक धरून राहिला आहे का, याचा अंदाज घेणे, जुन्या केबलवाल्या गाडीत केबल ढिली पडून झडप पूर्ण उघडतच नाही असे तर होत नाही ना हे पाहणे, या सगळ्याला पैसे लागत नाहीत. काकांचा कानही मला हवाच आहे, कारण शोध कुठून सुरू करायचा हे तोच सांगतो. फक्त निकाल त्याच्यावर सोडू नये. गॅरेजात उभ्या असलेल्या गाडीला रेस दिली की इंजिनावर भार जवळजवळ नसतो. भार नसताना अशक्त इंजिनही झटकन फिरते. तक्रार मात्र भाराखालची असते: चढावरची, ओव्हरटेकची, चार माणसे बसलेली असतानाची. म्हणून उभ्या गाडीवरचा अंदाज कितीही अनुभवी असला तरी तो वेगळ्याच परिस्थितीतला असतो.

दुसरे असे की ‘पिकअप नाही’ या दोन शब्दांत किमान चार वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, पाय दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी नेहमीच्या जोमाने सुटते. दुसरी, विलंब नाही, पण एकूण ओढच कमी आहे. तिसरी, गाडी अडखळते, मिसिंग करते, झटके देते. चौथी, इंजिनाचे आरपीएम चढतात पण वेग त्या प्रमाणात चढत नाही. चौथ्या तक्रारीत दोष बहुतेक वेळा इंजिनात नसून क्लच प्लेट घसरण्यात असतो. तिथे थ्रॉटल बॉडी दहा वेळा साफ केली तरी काही होणार नाही. तिसरीत पेट्रोल गाडी असेल तर प्लग आणि कॉइल आधी संशयात येतात. दुसरीत हवा, इंधन किंवा सायलेन्सरकडे जाणारा रस्ता कुठेतरी कोंडलेला असतो. पहिलीत टर्बो, पेडलची मांडणी किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा विचार करावा लागतो. तुमची तक्रार या चारांपैकी कोणती, हे गॅरेजात सांगण्याआधी स्वतः नीट ओळखले तरी निम्मी कामे टळतील.

आता तुम्ही सांगितलेले दोन स्वस्त इलाज पाहू. पेट्रोल इंजिनाच्या थ्रॉटल बॉडीत झडपेच्या कडेला काजळी साचते. झडप जवळजवळ बंद असताना हवेला जायला जी बारीक फट उरते ती या काजळीने अरुंद होते. त्यामुळे आयडलिंग डगमगते, पाय ठेवताच पहिला हलका प्रतिसाद अडखळतो. पण झडप निम्मी उघडली की मार्ग इतका मोठा होतो की कडेच्या थराने काही फरक पडत नाही. म्हणून चढावर गाडी ओढत नसेल तर थ्रॉटल बॉडी साफ करून ती ओढू लागेल ही अपेक्षाच चुकीची आहे. तुमच्या डिझेल गाडीला तर हे मुळातच लागू होत नाही. डिझेल इंजिनाची ताकद हवेची झडप ठरवत नाही, इंजेक्टरमधून किती डिझेल जाते ते ठरवते. फिल्टरची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम कोंडून चाचण्या केल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे मायलेज जवळपास बदलले नाही, पण पूर्ण ॲक्सलरेटरवर वेग घ्यायला लागणारा वेळ वाढला. म्हणजे फिल्टर खरोखर चोंदलेला असेल तर पूर्ण ताकदीवर परिणाम होतो. पण ‘खरोखर चोंदलेला’ हे पाहून ठरवायचे असते.

मालक : बरं, मग त्या डब्याचं काय? पेडलच्या सॉकेटला जोडायचा छोटा डबा मिळतो. ओळखीच्या दोघांनी बसवलाय. गाडी वेगळीच झाली म्हणतात. इंजिनाला हात नाही, वायर कापायची नाही, दहा मिनिटांत काम. फरक त्यांना जाणवतो, तो खोटा कसा म्हणता?

लेखक : फरक जाणवतो हे अगदी खरे आहे. प्रश्न तो कशाचा फरक आहे हा आहे. तुमच्या गाडीत पेडलपासून इंजिनापर्यंत केबल नाही. पेडलला दोन सेन्सर असतात, ते पायाची जागा व्होल्टेजच्या रूपात ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, कळवतात. दोघांची माहिती जुळली नाही तर ईसीयू गाडीची ताकद जाणूनबुजून मर्यादित करतो. म्हणजे पेडल ही आता मागणी नोंदवण्याची जागा झाली आहे. ३० टक्के पेडल म्हणजे ३० टक्के ताकद असे कुठेही ठरलेले नसते. ते नाते उत्पादकाच्या आलेखात असते. काही गाड्यांतले इको आणि स्पोर्ट मोड याच आलेखाशी खेळतात. डबाही तेच करतो. तुम्ही ३० टक्के पाय दाबता, तो ईसीयूला ५० सांगतो. पाय पूर्ण दाबलात की तो १०० चे १०० च सांगू शकतो. त्यापुढे त्याच्याकडे देण्यासारखे काही नाही. म्हणून त्याची पारख सोपी आहे: एकाच रस्त्यावर, एकाच गिअरमध्ये, पेडल पूर्ण दाबून ४० ते ८० किमी वेग गाठायला लागणारा वेळ डब्यासह आणि डब्याविना मोजावा. इंजिन तेच असल्याने वेळही तोच येईल.

तुमच्या डिझेलच्या बाबतीत डबा आणखी एका कारणाने अपुरा पडतो. टर्बो पुरेशी हवा देत नाही तोवर जास्त डिझेल सोडले तर ते नीट जळत नाही, काळा धूर होतो. म्हणून ईसीयूमध्ये धुराची मर्यादा घातलेली असते: हवा जितकी आली तितकेच डिझेल. १८०० आरपीएमच्या खाली तुम्ही पाय कितीही दाबा, डबा कितीही ओरडून सांगो, हवा येईपर्यंत ईसीयू हात आखडताच ठेवतो. त्या इंजिनाचा १९० एनएमचा कमाल टॉर्क २००० आरपीएमला मिळतो तो याचमुळे. पुढे ९० पीएसच्या आवृत्तीत व्हेरिएबल जॉमेट्रीचा टर्बो आला आणि २०० एनएमचा कमाल टॉर्क १७५० लाच मिळू लागला. विलंब कमी करायला उत्पादकाला टर्बो बदलावा लागला. पेडलचा आलेख बदलून ते झाले नसते. डब्याचा खरा तोटा वेगळाच आहे. इंटरकूलरचा पाइप फाटलेला असेल आणि डब्यामुळे गाडी थोडी चपळ वाटू लागली, तर पाइप तसाच राहतो, टर्बो जास्त फिरत राहतो, आणि शोध मात्र थांबतो.

मालक : पण शोध घेतला होता ना! सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला. एकही कोड नाही, गाडी ठणठणीत, असं लिहूनच दिलं त्यांनी. मशीनच नाही म्हणतंय, मग तुम्ही आणखी काय मोजणार?

लेखक : कोड नसणे आणि दोष नसणे यांत मोठे अंतर आहे. ईसीयू कोड नोंदवतो तो आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यावर, आणि बरेचदा सलग एकाहून अधिक फेऱ्यांत तसे घडल्यावर. पेट्रोल गाडीत ईसीयूला मिश्रण सावरण्यासाठी नेहमीपेक्षा १२ टक्के जास्त पेट्रोल सोडावे लागत असेल तर काहीतरी बिघडले आहे हे नक्की. पण ‘मिश्रण पातळ’ हा पी ०१७१ कोड साधारण २० ते २५ टक्क्यांच्या आसपास उमटतो. मधल्या पट्ट्यात गाडी आजारी असते आणि कोडची यादी कोरी. म्हणून कोडच्या पुढे जाऊन चालू गाडीचे आकडे बघावे लागतात. त्यासाठी गाडीच्या तपासणी-सॉकेटला जोडून मोबाइलवर आकडे दाखवणारा ओबीडी डोंगल आज एका टायरच्या किमतीहून पुष्कळ स्वस्त मिळतो. एकच काळजी घ्यायची: स्वस्त डोंगल सेकंदाला मोजकीच वाचने देतो, म्हणून एका वेळी तीन-चारच गोष्टी निवडाव्यात. पेडलची जागा, आरपीएम, मॅनिफोल्डमधला दाब आणि वेग. नोंद ॲपने आपोआप करावी किंवा शेजारी बसलेल्याने. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघू नये. रिकाम्या रस्त्यावरचा चढ सगळ्यांत चांगला, कारण तिथे कमी वेगातही इंजिनावर पूर्ण भार येतो आणि वेगमर्यादा मोडावी लागत नाही.

आता या आकड्यांनी काय सांगितले ते वाचायचे. इंजिन बंद, चावी चालू असताना दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत सुमारे १००, पुण्यात सुमारे ९५ किलोपास्कल. इथेच आकडा भलता आला तर सेन्सर संशयास्पद. बाकीच्या गोष्टींना हात लावायची गरज नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत पेडल पूर्ण दाबल्यावर हा दाब पुन्हा बाहेरच्या दाबाच्या अगदी जवळ यायला हवा. तो बराच खाली राहिला तर हवा आत येण्याच्या वाटेत अडथळा आहे: फिल्टर, पाइप किंवा पूर्ण न उघडणारी झडप. दाब बरोबर असूनही ओढ नसेल तर हवेचा मार्ग निर्दोष ठरतो आणि लक्ष इंधनाचा दाब, प्लग, कॉइल आणि कोंडलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्याकडे वळवायचे. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत इंधन-दुरुस्तीचे टक्के आयडलिंगला जास्त आणि २५०० आरपीएमला नॉर्मल असतील तर कुठेतरी पाइपातून फुकटची हवा आत जाते आहे. उलट आयडलिंगला ठीक आणि भाराखाली वाढत असतील तर पेट्रोल पंप थकला आहे किंवा सेन्सर मळल्याने हवा कमी मोजतो आहे.

तुमच्या डिझेलसाठी चांगल्या गॅरेजातला स्कॅनर आणखी दोन जोड्या दाखवतो: मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये मागितलेला डिझेलचा दाब आणि मिळालेला दाब. बूस्ट मागणीच्या खालीच राहिला, सोबत शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर असेल, तर पाइपातली गळती, वेस्टगेटचा ॲक्च्युएटर किंवा उघडी अडकलेली ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) या क्रमाने पाहायचे. बूस्ट ठीक पण रेलचा दाब मागे पडत असेल तर डिझेल फिल्टर, पंप, इंजेक्टर. दोन्ही ठीक आणि आरपीएम एकटेच चढत असतील तर क्लच. पेडलचा आलेखच तुटक येत असेल तर पेडलचा सेन्सर. आणि सगळे आकडे जागच्या जागी असूनही फक्त २००० आरपीएमच्या खाली गाडी सुस्त असेल, तर तुमच्या गाडीत दोष नाही. हा शेवटचा निकालही तेवढाच मोलाचा आहे, कारण तो तुम्हाला नको असलेल्या सगळ्या दुरुस्त्यांपासून वाचवतो.

मालक : म्हणजे शेवटी ‘गाडी आहेच अशी’ हेच उत्तर? कंपनीनेच विलंब बसवून दिला असेल तर तो काढून टाकायला काय हरकत? ईजीआर बंद करतात, रिमॅप करतात. आणि पेट्रोलवाल्यांचं म्हणणं तर सगळा दोष इथेनॉलचा. तुम्ही गाडीतच शोधत बसा.

लेखक : काही विलंब उत्पादकाने विचारपूर्वक ठेवलेला असतो, हे खरे. पाय एकदम दाबला तरी टॉर्क टप्प्याटप्प्याने वाढवला जातो, कारण तसे न केल्यास गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या माउंटिंगना हिसका बसतो. धुराची मर्यादा तुमच्या मागून येणाऱ्याच्या फुप्फुसांसाठी आहे. ईजीआर बंद केल्याने नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, आणि ते चालवणाऱ्याला दिसत नाहीत म्हणूनच ही ‘दुरुस्ती’ इतकी सहज केली जाते. अडकलेली ईजीआर साफ करा, लागली तर बदला; तिची वाट बुजवणे म्हणजे आपल्या थोड्याशा सुखाचे बिल रस्त्यावरच्या प्रत्येकाला देणे. रिमॅपने, म्हणजे ईसीयूतले आलेख बदलून, टॉर्क खरोखर वाढतो, पण तो झेलायला क्लच आणि टर्बो तेच जुने असतात आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागते. आजारी गाडीवर रिमॅप केला तर मूळ दोषावर भार आणखी वाढतो. याउलट निरोगी १.३ डिझेल चालवताना ओव्हरटेकच्या आधीच एक गिअर खाली घेऊन आरपीएम २००० च्या वर ठेवले, तर विलंबाचा मोठा भाग तिथेच संपतो. टर्बो आधीच फिरत असतो, त्याला नव्याने जागे करावे लागत नाही.

इथेनॉलबद्दलही आकडेच बोलू देत. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे शुद्ध पेट्रोलपेक्षा ६-७ टक्के ऊर्जा कमी पडते, आणि मायलेज घटल्याची तक्रार त्या मर्यादेत रास्त आहे. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्यांची काळजीही रास्त आहे. पण ईसीयू ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने पेट्रोल वाढवून मिश्रण सावरतो. त्यामुळे निरोगी गाडीत प्रतिसाद एकाएकी मरत नाही. पंप मुळात थकलेला असेल तर मात्र जास्त इंधनाची मागणी त्याला पुरवता येत नाही आणि दोष उघडा पडतो. तो थकलेला पंप इथेनॉलच्या नावावर खपवला तर तो कधीच बदलला जाणार नाही. सीएनजीचेही तसेच: वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, म्हणून ताकद थोडी कमी होणारच. उंचीचेही तेच: महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ. टर्बो नसलेली गाडी वर पोहोचल्यावर मंदावली तर तो निसर्गाचा हिशोब आहे. तीच गाडी अलिबागेत मंदावली तर नाही. अपेक्षित घट किती हे माहीत असेल तरच त्यापलीकडची घट ओळखता येते.

मालक : समजा पटलं. पण गॅरेजवाला ऐकेल? त्याला म्हणालो, ‘काका, आधी आकडे दाखवा’, तर म्हणतील, ‘एवढं कळतं तर स्वतःच करा ना, साहेब.’

लेखक : काकांवर अविश्वास दाखवू नका, त्यांच्याकडे कामाची पद्धत मागा. तीनच गोष्टी विचारा. काम सुरू करण्याआधी कोणता आकडा चुकीचा दिसला? जो भाग बदलायचा आहे त्याच्याशी त्या आकड्याचा संबंध काय? आणि काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, एसी बंद ठेवून, तेवढ्याच माणसांसह तो आकडा आता किती आला? तपासणीच्या तासाचे पैसे वेगळे द्यायची तयारी मात्र ठेवा. आपल्याकडे भाग बदलण्याचे पैसे आनंदाने दिले जातात आणि शोधण्याचे द्यायचे म्हटले की घासाघीस होते. मग मेकॅनिकही शोधण्याऐवजी बदलण्यावरच पोट भरतो. त्यात एकट्या त्याचा दोष नाही. शोधाला किंमत मिळाली तर चांगल्या कारागिराचा अंदाज आकड्यांनी सिद्ध होतो, त्याचा मान वाढतो, आणि अंदाज चुकला तर तो भाग बसवण्याआधी कळतो. तुमची गाडी दुरुस्त झाली की नाही, याचा निर्णय बिलावरच्या भागांची यादी करत नाही. आधीच्या आणि नंतरच्या मोजणीत फरक पडला असेल तर काम झाले. पडला नसेल, तर किती भाग नवे बसले याला महत्त्व नाही. दोष अजून गाडीतच आहे आणि शोध पुढे चालू ठेवायला हवा.